उशाला बसणाऱ्याच्या हातात वही नको

मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ बसणाऱ्या स्वयंसेवकांनी संशोधनासाठी नोंदी घ्याव्यात की नाही, यावर गेले दोन महिने कोल्हापुरात वाद चालू आहे. आवाज दोन्हीकडचे चढलेत, मुद्दा मात्र कुणाच्याच हाती लागलेला नाही. वादाचं मूळ एका मसुद्यात आहे. आमच्यासारख्या घरोघर जाऊन बसणाऱ्यांसाठी नियमावली करायचं ठरलं आणि तिच्या चौथ्या कलमात असं आलं की स्वयंसेवकाने प्रत्येक भेटीत ठरावीक तक्ता भरावा, जमेल तिथे मोबाइलवर बोलणं ध्वनिमुद्रित करावं, त्यासाठी कुटुंबाची लेखी संमती घ्यावी आणि ही माहिती अभ्यासकांना द्यावी. एक बाजू उसळून म्हणाली, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे, संशोधनाचं नावसुद्धा नको. दुसरी म्हणाली, सही घेतो आहोत ना, मग अडलं कुठं? मी आठ वर्षं हे काम करते आहे. माझं म्हणणं दोघांनाही रुचणार नाही. मरणाऱ्या माणसांविषयी संशोधन व्हायलाच हवं, पण ते उशाला बसणाऱ्याच्या हातून होता कामा नये. सोबतीसाठी म्हणून जो विश्वास मिळतो तो माहिती गोळा करण्यासाठी वापरायचा हक्क आपल्याला नाही, आणि नुसत्या सहीने तो मिळतही नाही.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण वादातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलेलं नाही. हे काम करणारीला आता 'डूला' म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ सेवा करणारी बाई. आधी तो बाळंतिणीजवळ थांबणाऱ्या बाईसाठी रूढ झाला. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिसमधल्या, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेतल्या, हेन्री फर्स्को-वाइस या समाजसेवकाने तीच कल्पना मरणाऱ्या माणसाच्या सोबतीसाठी वापरली आणि तिथून ती पसरली. डूला औषध देत नाही, सलाइन लावत नाही, निदान सांगत नाही. ती बसते, ऐकते, ओठ ओले करते, घरच्यांना दोन तास झोपायला पाठवते, कुणाला फोन करायचा राहिलाय का ते विचारते. शब्द परका असला तरी काम आपल्याकडे जुनंच आहे. घरात कुणी अखेरचं आजारी असलं की आळीतली एखादी जाणती बाई 'आज मी उशाला बसते' म्हणत यायची आणि शेवटचं पाणी कधी पाजायचं हे तिलाच उमगायचं. आपल्या भागात जैन समाज मोठा आहे. सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरणाला सामोरं जाण्याचं व्रत, घेतलेल्या साधूला अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या साधूंना तिथे निर्यापक म्हणतात आणि त्यांनी काय करावं, काय बोलावं, हे परंपरेने बारकाईने घालून दिलेलं आहे. म्हणजे उशाला बसणं ही जबाबदारी आहे आणि तिला नियम लागतात, हे आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायला नको.

माणूस गेल्यावर त्याला एकटं न सोडण्यात कोल्हापूरचा हात कुणी धरणार नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, लोक शेणी दान करतात, रक्षाविसर्जनाची वेळ पेपरात छापून येते, नात्यात नसलेली माणसंही रक्षेला उभी राहतात, भावकीतली घरं कडू घास घेऊन येतात. पण त्याआधीचे दोन-तीन महिने? तेव्हा लोक दारातूनच 'कसं हाय?' विचारून परत फिरतात. आत यायला घाबरतात. ती रिकामी जागा भरायचा आमचा प्रयत्न आहे, आणि म्हणूनच त्या जागेत कोण काय घेऊन शिरतं याची मला काळजी वाटते.

संशोधन नकोच म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. ज्याच्याजवळ मोजके दिवस उरलेत त्याचा अर्धा तास म्हणजे तुमचा-माझा अर्धा तास नव्हे. मुलीशी बोलायला शिल्लक ठेवलेली ताकद तो एखाद्या प्रश्नावलीवर खर्च करणार असेल, तर ती आपण त्याच्याकडून हिरावूनच घेतो. शिवाय या अभ्यासाचा फायदा त्याला होत नाही. निष्कर्ष येतात तेव्हा तो नसतो. इतर आजारांत रुग्णाला निदान 'तुमच्या पुढच्या उपचाराला उपयोग होईल' असं सांगता येतं. इथे तेही खरं नाही. हे सगळं मला मान्य आहे. तरीही बंदी हे उत्तर नाही, कारण आज मरणाऱ्या माणसाला जे काही सुख मिळतं त्यातलं बरंचसं आधीच्या मरणाऱ्यांच्या नोंदींतून आलेलं आहे.

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. १९५८ पासून लंडनच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये त्यांनी हजारावर रुग्णांच्या वेदनेच्या नोंदी ठेवल्या. तोवरची रीत अशी होती की वेदना असह्य झाली, रुग्ण कळवळून मागू लागला, की मग मॉर्फिन द्यायचं. लोकांना व्यसनाची भीती होती. ठरावीक वेळेला, वेदना डोकं वर काढायच्या आत तोंडावाटे मॉर्फिन दिलं तर माणूस शुद्धीत राहतो, बोलतो, जेवतो, हे त्या नोंदींवरून दाखवता आलं. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं आणि आजची पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, त्यातून वाढली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतकं जखडून ठेवलं होतं की कॅन्सरच्या रुग्णालाही ते मिळेना. २०१४ मध्ये ती गाठ काहीशी सैल झाली, ती डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या पाठपुराव्यामुळे. नोंदीच नसत्या तर त्यांनी सरकारपुढे काय ठेवलं असतं? नुसते अश्रू? 'मरणाऱ्याला त्रास देऊ नका' म्हणत ज्यांनी कधीच काही विचारलं नाही, त्यांच्या राज्यात माणसं कळवळत मेली.

आणि विचारलं की त्रासच होतो हेही खरं नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९८८ मरणासन्न रुग्णांशी मृत्यू, मरण आणि दुःख यांविषयी थेट बोलणं झालं. दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी सांगितलं की ताण फारसा किंवा मुळीच जाणवला नाही, आणि निम्म्याच्या जवळपास लोकांना तर बोलून बरं वाटलं. अर्थात ज्यांनी बोलायला होकार दिला त्यांचीच ही उत्तरं, हे विसरून चालणार नाही. पण माझाही अनुभव हाच आहे. घरात जो विषय कुणी काढत नाही तो काढणारं माणूस भेटलं की अंगातलं ओझं उतरल्यासारखा चेहरा होतो. मरणाऱ्याला बोलायचं नसतं, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

संशोधन नसलं की जागा रिकामी राहत नाही, तिथे ठाम बोलणाऱ्यांच्या समजुती येऊन बसतात. १९६९ साली शिकागोतल्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी रुग्णांच्या मुलाखतींवरून पाच अवस्था मांडल्या: नाकारणं, चिडणं, घासाघीस, खचणं, स्वीकार. मरणाविषयी उघड बोलण्याचं धाडस त्यांनी जगाला दिलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण माणसं या क्रमाने जातात हे नंतरच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. तरीही आजच्या प्रशिक्षण शिबिरांत त्या पायऱ्या पाढ्यांसारख्या शिकवल्या जातात. 'ते अजून पहिल्याच अवस्थेत आहेत, ताई,' असं एका स्वयंसेविकेने मला एका आजोबांबद्दल सांगितलं होतं. आजोबा काहीच नाकारत नव्हते. त्यांना ऐकू कमी येत होतं. आमच्या कामाला देशात परवाना देणारी परिषद नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, चार दिवसांच्या शिबिरावर प्रमाणपत्र हातात पडतं. असं असताना आम्ही जे करतो त्याने कुणाचं भलं होतं आणि कुणाचं नुकसान, हे तपासलं जायलाच हवं. संशोधन नको म्हणणाऱ्यांत आमच्यातलेही काहीजण आहेत. स्वतःला तपासू द्यायचं नाही म्हणून तर आपण रुग्णाच्या शांततेची ढाल पुढे करत नाही ना, हे त्यांनी मनाला विचारावं.

आता दुसऱ्या बाजूकडे येते, जिला सही पुरेशी वाटते.

माझे मामा करवीर तालुक्यातल्या एका गावात चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला पाक बोटांवर घेऊन, गुळाची वेळ भरली की नाही हे सांगणारा माणूस. जठराचा कॅन्सर पसरलेला होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना सांगितलं होतं की आतून सूज आहे, उतरेल. ते दवाखान्यात असताना एका दुपारी एक विद्यार्थिनी आली. तेवीस-चोवीस वर्षांची, अतिशय अदबीने बोलणारी. 'आजोबा, थोडा वेळ आहे का?' म्हणाली आणि तिने माहितीपत्रक हातात दिलं. मामांचं शिक्षण सातवीपर्यंत. अक्षरांखालून बोट फिरवत त्यांनी वरची ठळक ओळ वाचली. त्या ओळीत 'अंतिम अवस्थेतील कर्करुग्ण' असे शब्द होते. बोट तिथेच थांबलं. मग कागद तिच्याकडे वळवून त्यांनी विचारलं, 'बाळ, हे माझंच हाय न्हवं? का दुसऱ्याचं चुकून दिलंयस?'

पोरीला काय बोलावं सुचेना. मी उभी होते, मलाही सुचेना. मामांनी थोडा वेळ खिडकीकडे बघितलं आणि पेन मागितलं. मी म्हटलं, 'मामा, न्हाई क्येली सही तरी चालतंय.' तर म्हणाले, 'पोरगी उन्हाची आलीया. रिकाम्या हातानं कशी लावायची?' आणि सही केली. त्या रात्री त्यांनी मामीला विचारलं, 'किती दिस समदी ठरवून गप हायसा?'

आम्ही लपवलं ही आमची चूक, ती मी कुणाच्या माथी मारत नाही. त्या मुलीचीही मला कीवच आली, कारण तिला तिच्या गाईडने पाठवलं होतं आणि तिने नियमाप्रमाणे सगळं केलं होतं. कागद मराठीत होता. त्यावर फोन नंबर होता. 'कधीही माघार घेऊ शकता' असं छापलेलं होतं. साक्षीदाराची सही होती, आणि ती माझी होती. तपासणाऱ्याला त्या कागदात खोट सापडणार नाही. मग त्या सहीचा अर्थ काय होता? ती एका घरंदाज माणसाने दारी आलेल्या लेकरासाठी दाखवलेली माया होती. 'नाही' म्हणणं ज्याच्या संस्कारात बसत नाही, जो अंथरुणाला खिळलेला आहे, ज्याला उद्या त्याच नर्सकडून बेडपॅन मागायचं आहे, त्याच्या होकाराला मोकळा होकार कसा म्हणायचा? ज्या माणसाला आपला आजार काय हेच सांगितलेलं नाही, त्याला त्या आजाराच्या अभ्यासात सामील व्हायला विचारणं म्हणजे आधी त्याच्यापासून लपवायचं आणि मग छापील कागदातून ते त्याच्यावर आदळायचं.

सहीवरचा हा भरवसा येतो कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ साली न्युरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे. दबाव नको, फसवणूक नको, निवडीचं मोकळेपण हवं, आणि काय चाललंय हे नीट उमगलेलं हवं, असं ते कलम सांगतं. सहीचा त्यात उल्लेख नाही. सही नंतर आली, पुरावा म्हणून, आणि हळूहळू पुराव्यालाच मूळ वस्तू मानलं गेलं. आपल्याकडची उदाहरणं काय सांगतात? १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांतून स्वयंसेवक घेतले. लस उपयोगी ठरली आणि त्या संशोधकाच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते? दूर कशाला जायचं, २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा इथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस देऊन अभ्यास झाला, तेव्हा खम्ममच्या वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींच्या कितीतरी संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. सह्या होत्याच, त्या भलत्यांच्या होत्या.

आमच्या मसुद्यातली 'कुटुंबाची लेखी संमती' याच जातीची आहे. मरणार आहे तो एक माणूस, आणि परवानगी देणार त्याचा पुतण्या? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, शुद्धीत असताना आपल्या अखेरच्या उपचारांविषयी लिहून ठेवण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असेल, तर त्याचे शेवटचे शब्द कुणाच्या प्रबंधात जायचे हे घरच्यांनी का ठरवावं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मरणासन्न रुग्णांना खास जपायला हव्या अशा गटात धरतात. जपायचं म्हणजे त्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं, असा सोयीचा अर्थ आपण काढतो.

पण सही नीट घेतली, योग्य माणसाची घेतली, समजावून घेतली, तरीही माझा मुख्य आक्षेप उरतोच. विचारणारं माणूस कोण आहे?

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना तो सांगितला नाही, आणि पेनिसिलिनने तो बरा होतो हे कळल्यानंतरही औषध दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रातून बोभाटा होईपर्यंत, चाळीस वर्षं हे चाललं. ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्यातल्या एका माणसाकडे क्वचितच बघतात. युनिस रिव्हर्स नावाची एक नर्स होती, त्यांच्याच समाजातली. डॉक्टर बदलत राहिले, ती बदलली नाही. ती त्यांना गाडीतून तपासणीला न्यायची, घरच्यांची विचारपूस करायची, त्यांच्या अंत्यविधीला हजर राहायची. शवविच्छेदनाला परवानगी दिली तर दफनाचा खर्च मिळेल, हे घरच्यांना समजावणारीही तीच. तिच्यावर माया होती म्हणून माणसं येत राहिली. ती दुष्ट होती असं मला वाटत नाही. मला तर वाटतं तिचा जीव खरोखर त्यांच्यात गुंतला होता. आणि म्हणूनच हा दाखला मला झोपू देत नाही. गाठ बांधायला दोरी चांगलीच लागते, आणि तिच्या मायेची दोरी झाली होती.

आमचं काम आणि तो अभ्यास यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही कुणाचं औषध रोखणार नाही. पण यंत्रणा तीच आहे. परक्याला जे मिळणार नाही ते जवळच्या माणसाकडून मिळवायचं. आमच्या चौथ्या कलमाचं समर्थन करताना एका प्राध्यापकांनी हेच अगदी सरळ मनाने सांगितलं: 'रुग्ण आमच्याशी बोलत नाहीत हो, तुमच्याशी बोलतात.' मग ते आमच्याशी का बोलतात, याचा विचार नको का करायला?

एका आजींजवळ मी तीन रात्री बसले. त्या कुठल्या, त्यांना काय झालं होतं, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तिसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमाराला त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. आयुष्यभर कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. सांगता सांगता मध्येच थांबल्या, अंधारात माझे दोन्ही हात चाचपले, मोकळे आहेत ना बघितलं आणि म्हणाल्या, 'तू लिवून घेत न्हाईस न्हवं?' मी म्हटलं, 'न्हाई आजी.' मग पुढचं सांगितलं. ती गोष्ट संशोधनाच्या दृष्टीने फार मोलाची असेल. आपल्याकडच्या बायकांच्या जगण्याबद्दल तिच्यात जे होतं ते मी कुठे वाचलेलं नाही. तरीही ती गोष्ट इथे येणार नाही आणि कुठल्याच तक्त्यात जाणार नाही. माझ्या हातात वही असती तर ती मला मिळालीच नसती, आणि वही लपवून मिळवली असती तर ती चोरी झाली असती.

यावर सगळ्यात चांगला प्रतिवाद सॉन्डर्स यांचाच आहे आणि तो मला आमच्यातल्याच एका अभ्यासू स्वयंसेवकाने ऐकवला. त्या तर स्वतः रुग्णाजवळ बसत, त्यांचं बोलणं टेपवर घेत, आणि संशोधनही करत. एकाच माणसात दोन्ही भूमिका होत्या आणि त्यातून जगाचं भलं झालं. मग आम्हालाच मज्जाव का? मी यावर बरेच दिवस विचार केला. मला फरक असा दिसतो की त्या डॉक्टर म्हणून येत होत्या. डॉक्टर विचारणार आणि लिहिणार हे रुग्णाला आधीपासून माहीत असतं, तिच्या हातातल्या कागदाने त्याची फसगत होत नाही. शिवाय त्यांचा प्रश्न वेदनेचा होता आणि त्याचं उत्तर त्याच खाटेवर, त्याच आठवड्यात औषधाच्या रूपाने परत येत होतं. उशाला बसणाऱ्याला माणूस घरात घेतो ते 'याला माझ्याकडून काही नकोय' म्हणून. आमच्या सगळ्या कामाला आधार आहे तो एवढ्याच एका गोष्टीचा. ती गेली की आमच्यात आणि विम्याच्या एजंटात काय फरक उरला?

'नाव बदलू' हे आश्वासन इथे फार उपयोगाचं नाही, हेही सांगून टाकते. समजा प्रबंधात लिहिलं: मंगळवार पेठ, वय सत्तर, तालमीतले जुने वस्ताद, घशाचा कॅन्सर, थोरल्या मुलाशी अबोला. नावाच्या जागी 'रुग्ण क्रमांक ७'. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर हे कुणी वाचून दाखवलं तर नाव कळायला पाच मिनिटं पुरतील. महानगरात माणूस आकड्यामागे लपतो. आपल्या पेठांत लपत नाही. दुसऱ्या बाजूने, काहींना लपायचंच नसतं. 'माझं नाव घालून लिवा,' असं म्हणणारेही भेटतात, आणि अभ्यासाच्या शिस्तीखातर त्यांचं नाव पुसून टाकणं हाही मला अन्यायच वाटतो. नाव द्यायचं की झाकायचं हे ज्याचं त्याला विचारा, आणि झाकायचं असेल तर पेठ, धंदा, घरातलं भांडण हेही झाका, मग प्रबंध थोडा बेचव झाला तरी चालेल.

मग करायचं काय? अभ्यासक वेगळा हवा. तो पहिल्या भेटीत 'मी अभ्यासक' म्हणून ओळख करून देईल आणि पाणी पाजण्याच्या निमित्ताने खोलीत शिरणार नाही. स्वयंसेवकाने फार तर एवढंच सांगावं की असा एक अभ्यास चालू आहे, हवं असेल तर त्यांना बोलावता येईल, आणि नाही म्हणालात तरी मी उद्या येणारच आहे. हे शेवटचं वाक्य तोंडी, डोळ्यात बघून सांगितलं गेलं पाहिजे. विचारणा लवकर व्हावी, माणूस उठून बसतोय, वाद घालतोय, चहात साखर कमी आहे म्हणून चिडतोय तेव्हाच, म्हणजे त्याच्या 'नाही'त जोर असेल. आणि एकदा 'हो' म्हटलं म्हणून कायमचं झालं नाही. दर भेटीला पुन्हा विचारायचं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं तर तोच नकार, त्यासाठी कागदाची गरज नाही. त्याला स्वतःचा आजार किती ठाऊक आहे हे आधी कळल्याशिवाय कुठलाही छापील कागद त्याच्या हातात जाता कामा नये, मग त्यासाठी सॅम्पल दहाने कमी पडलं तरी पडू दे. कॉलेजमधून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या विषयाला आधी नैतिकता समितीची मान्यता हवी आणि ती आम्हाला दाखवायला हवी.

स्वयंसेवकांनी लिहूच नये असं मी म्हणत नाही. स्वतःबद्दल लिहावं. आज मी काय चुकले, कुठे जास्त बोलले, कुठल्या घरातून मला परत पाठवलं. या नोंदींतून आमच्या कामाचा अभ्यास होऊ शकतो आणि त्यात कुणाचे शेवटचे शब्द वापरावे लागत नाहीत. घरच्यांनाही विचारता येतं, पण रक्षेच्या दिवशी नव्हे. दिवस होऊ द्यावेत, घर थोडं सावरू द्यावं. मोबाइलवर मुद्रण करायचं कलम तर मला मुळीच मान्य नाही. स्वयंसेवकाचा फोन त्याचा पोरगा हाताळतो, त्यातलं सगळं कुठल्या ढगात जाऊन बसतं ते त्याला ठाऊक नसतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधनाला काही अटींवर सवलत दिली आहे, पण ती सवलत म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे.

यावर शेवटचा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. वेगळा अभ्यासक, वेगळ्या भेटी, एवढं मनुष्यबळ आणायचं कुठून? संशोधन कमी होईल, हळू होईल, हे मला कबूल आहे. तरी वर्षाला चाळीस तक्ते भरण्यापेक्षा चार माणसांशी नीट, उघडपणे झालेलं बोलणं मला जास्त मोलाचं वाटतं. आणि त्यातून जे सापडेल ते परत यायला हवं. मामांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या अभ्यासातून काय निघालं हे सांगायला आजवर कुणी आलेलं नाही. मामीने ते माहितीपत्रक टाकून दिलेलं नाही, देव्हाऱ्याखालच्या डब्यात लाइट बिलांच्या पावत्यांबरोबर ठेवलंय. अधूनमधून विचारते, 'त्या पोरीचा अभ्यास झाला का गं पुरा?'

चौथ्या कलमात तीन बदल मी लेखी दिले आहेत: एक, उशाला बसणारा तक्ता भरणार नाही आणि मुद्रणही करणार नाही; दोन, संमती रुग्णाची, कुटुंबाची नव्हे; आणि तीन, अभ्यास संपल्यावर सहा महिन्यांच्या आत अभ्यासकाने त्या घरी जाऊन, मराठीत, तोंडी, काय सापडलं ते सांगायचं. बैठक येत्या रविवारी आहे. तिसऱ्या बदलाला दोन्ही बाजूंचा विरोध आहे असं कानावर आलंय, त्यामुळे त्या दिवशी मी मामीला बरोबर घेऊन जाणार आहे.